बायोफिल्टरची टोल्युइन काढण्याची क्षमता निम्म्यावर आली, कारण काय?

पेंटशॉप_मेंटेनन्स
पेंट बूथची हवा बायोफिल्टरमधून (भरावातले जिवाणू सॉल्व्हंटची वाफ खातात) सोडतो, ताशी 3000 घनमीटर. टोल्युइन-झायलीन (रंगातले सॉल्व्हंट) मिळून घनमीटरला साधारण 0.5 ग्रॅम. बेड (भरावाचा थर) 50 घनमीटर, खोली 1 मीटर, कंपोस्ट आणि लाकडाच्या ढलप्या निम्म्या-निम्म्या. हवा खालून वर जाते, आधी ह्युमिडिफायर आहे, वर स्प्रिंकलर आहेत. सुरुवातीला 80 टक्के टोल्युइन निघत होतं, आता 40. प्रेशर ड्रॉप (बेडमधून जाताना हवेचा घटणारा दाब) 60 मिमी पाण्यावरून 25 वर आलाय. वरून बेड ओलाच दिसतो. मीडिया (बेडमधला भराव) बदलायचा का?

गंधमुक्त
घाई करू नका. भार घनमीटर बेडला ताशी 30 ग्रॅम आणि हवा बेडमध्ये 60 सेकंद, म्हणजे आकार पुरेसा आहे. खूण प्रेशर ड्रॉपमध्ये आहे. मीडिया बसला किंवा चोंदला असता तर तो वाढला असता. कमी झालाय म्हणजे बेडला भेगा पडल्यात, भिंतीकडेने सुटलाय आणि हवा तिथून निसटतेय.

वाळतोय तो खालून. जिवाणू सर्वांत जास्त टोल्युइन हवा शिरते तिथेच खातात आणि तिथेच उष्णता सुटते. 1 किलो टोल्युइनमागे 10 ते 15 लिटर पाणी उडू शकतं, त्यामुळे हवा 95 टक्के आर्द्र असली तरी बेड सुकतो. वरचं पाणी तळापर्यंत पोचत नाही. 10 आणि 90 सेंमी खोलीवरून नमुने काढा, 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओल 50-60 टक्के हवी. 40 च्या खाली जिवाणू मंदावतात.

पेंटशॉप_मेंटेनन्स
वर 57, खाली 28 टक्के!

कंपोस्टवाला
मग नुसतं पाणी वाढवून भागणार नाही. एकदा कडक वाळलेलं कंपोस्ट पाणी धरत नाही, ते भेगांतून सरळ ड्रेनला जातं. बेड उकरा, खालचा थर ढेकळं फोडून बाहेरच भिजवा, वरच्या ओल्या मालात मिसळून परत भरा. भिंतीलगत नीट दाबा. डक्ट फिरवून हवा वरून खाली घ्या, म्हणजे जिथे वाळतं तिथेच स्प्रिंकलरचं पाणी पडेल. एकदम पूर न आणता दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. ड्रेनला यू-ट्रॅप (पाणी साठून हवा अडवणारा वाकडा पाइप) हवाच, नाहीतर हवा तिथून पळेल. ईटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया प्लांटचं) जास्त टीडीएस (विरघळलेले क्षार) असलेलं पाणी वापरू नका, क्षार बेडमध्ये साठत जातात.

गंधमुक्त
आणखी एक. बूथचा ओव्हरस्प्रे (हवेत उडालेले रंगाचे कण) ह्युमिडिफायरच्या आधी ड्राय फिल्टरवर अडवा, रंगाचा थर मीडियावर बसला तर धुऊन निघत नाही. सुट्टीच्या दिवशीही ब्लोअर मंद चालू ठेवा. बेड परत भरल्यावर दोन-तीन आठवडे आउटलेट रोज मोजा. पहिल्या आठवड्यातले आकडे कमी आले म्हणून मीडिया फेकू नका.