ट्रायपॅन ब्लू म्हणतो पेशी जिवंत, अ‍ॅक्रिडिन ऑरेंजमध्ये केंद्रकाचे तुकडे दिसतात: कोणते खरे धरावे?

विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्रात एमएस्सी करते आहे. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या औषधांचा पेशींवर प्रत्यक्ष काय परिणाम होतो हे पाहण्याची तेव्हापासून इच्छा होती, म्हणून प्रकल्पासाठी तोच विषय घेतला. बोकडाचे ताजे रक्त, गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत आणून त्यातील लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या करते आणि कृषी केंद्रातून आणलेल्या प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाच्या निरनिराळ्या सौम्य द्रावणांत त्या काही तास ठेवते.

अडचण अशी आहे की ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग टाकून मोजल्यास बहुतेक पेशी रंग न घेतलेल्या, म्हणजे जिवंत ठरतात. पण त्याच नळीतील पेशींना अ‍ॅक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड यांचे मिश्रण लावले, तर बऱ्याच पेशींचे केंद्रक हिरवे असूनही एकसंध दिसत नाही. ते आकसलेले असते आणि त्याचे दाट, चमकणारे तुकडे कडेला सरकलेले दिसतात. शिवाय एकाच काचपट्टीवर मोजणी लांबली की नारिंगी, म्हणजे इथिडियम आत शिरलेल्या, पेशी वाढत जातात. प्रबंधात कोणता आकडा द्यावा? आमच्या सूक्ष्मदर्शकाला निळ्या प्रकाशाचा एकच फिल्टर आहे, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

पेशीविज्ञान शिक्षक, अमरावती

ताई, आपली दोन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि त्यांच्यात विरोध नाही, कारण दोन्ही रंग वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ट्रायपॅन ब्लू एवढेच सांगतो की पेशीपटल फाटले आहे की शाबूत आहे. इथिडियम ब्रोमाइड आणि त्याच जातीचा रंग प्रोपिडियम आयोडाइड यांचेही काम मुळात तेच आहे: हे विद्युतभारित रेणू शाबूत पेशीपटलातून सहसा आत जात नाहीत, पटल निकामी झाले की आत शिरून डीएनएच्या जोड्यांमध्ये बसतात, आणि तसे बसल्यावरच त्यांचा प्रकाश कितीतरी पटींनी वाढतो. प्रोपिडियममध्ये ही वाढ वीस ते तीस पट असते, म्हणून आजूबाजूच्या द्रावणात रंग शिल्लक असला तरी मेलेल्या पेशीचे केंद्रक उठून दिसते. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज मात्र जिवंत आणि मृत अशा दोन्ही पेशींत सहज शिरते आणि दुपदरी डीएनएला बांधले गेल्यावर हिरवे, सुमारे ५२५ नॅनोमीटरला, चमकते. त्यामुळे ज्या पेशीचे पटल अजून टिकून आहे, तिच्याही केंद्रकाचा आकार आपल्याला दिसतो, आणि ट्रायपॅन ब्लू जे दाखवू शकत नाही ते नेमके हेच.

आपण वर्णन केलेले हिरवे पण तुकडे झालेले केंद्रक ही अपॉप्टोसिसची, म्हणजे पेशीने स्वतःच राबवलेल्या मृत्यूची, सुरुवातीची अवस्था आहे. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये हे नाव रूढ केले ते अशाच बदललेल्या आकारांच्या निरीक्षणावरून. या अवस्थेत क्रोमॅटिन (केंद्रकातील डीएनए आणि प्रथिनांचे जाळे) दाटते, केंद्रक तुटते, पण पेशीपटल बराच वेळ तग धरते. शरीरात अशा पेशीला भक्षक पेशी गिळून टाकतात. आपल्या नळीत गिळायला फारसे कोणी नसल्याने तीच पेशी पुढे पटल फुटून नारिंगी होते आणि मग ट्रायपॅन ब्लूलाही मृत दिसते. चार तासांनी मोजलेली 'जिवंत' पेशी आठ तासांनी कोठे असेल, याचा अंदाज तिच्या केंद्रकावरून आधीच बांधता येतो.

म्हणून एकच टक्केवारी देऊ नका, पेशी चार गटांत मोजा. हिरवे व एकसंध केंद्रक म्हणजे जिवंत; हिरवे पण दाट व तुटलेले म्हणजे अपॉप्टोसिसची सुरुवात; नारिंगी व तुटलेले म्हणजे त्याची पुढची अवस्था; आणि नारिंगी पण एकसंध केंद्रक म्हणजे पटल थेट फुटून झालेला मृत्यू, नेक्रोसिस. शेवटचे दोन गट वेगळे ठेवण्यातच या पद्धतीचे खरे मोल आहे, कारण ट्रायपॅन ब्लू त्या दोघांना एकाच निळ्या रंगात बुडवतो.

काचपट्टीवर नारिंगी पेशी वाढतात त्याचे कारण म्हणजे इथिडियम जिवंत पेशीतही हळूहळू झिरपते आणि आच्छादक काचेखाली द्रव आटला की पेशी तिथेच मरू लागतात; आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांत तर हे फारच लवकर होते. पंचवीस मायक्रोलिटर पेशीद्रवात दोन्ही रंग प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असलेले मिश्रण एक मायक्रोलिटर पुरते. मिसळल्यावर लगेच मोजा आणि पुढच्या मोजणीला नवी काचपट्टी करा. अ‍ॅक्रिडिन जास्त झाले तर ते आरएनएला बांधले जाऊन आणि लायसोसोममध्ये (पेशीतील पचनाच्या पिशव्यांत) साचून तांबूस दिसते. तो रंग केंद्रकाबाहेर असतो, तेव्हा केंद्रकाकडेच पाहून निर्णय घ्या. राहून गेलेल्या तांबड्या पेशींची काळजी नको, सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रकच नसते.

निळा फिल्टर या जोडीला पुरेसा आहे. फक्त डोळ्याकडील बाजूचा फिल्टर साधारण ५१५ नॅनोमीटरच्या पुढचा सगळा प्रकाश सोडणारा आहे ना, हे पाहून घ्या. तो केवळ हिरवा पट्टा सोडणारा असेल तर नारिंगी पेशी कधी दिसणारच नाहीत आणि सगळे आलबेल वाटेल. होस्ट ३३३४२ किंवा डॅपी या केंद्रक रंगवणाऱ्या रंगांना अतिनील प्रकाश लागतो, त्यांचा विचार सोडा.

संशोधक, अकोला

सरांशी सहमत आहे, परंतु रंगांपेक्षा मला नियंत्रण-नळ्यांची (तुलनेसाठी ठेवायच्या नळ्यांची) चिंता अधिक वाटते. कृषी केंद्रातील बाटलीत केवळ प्रोफेनोफॉस नसते. ते तेलकट द्रव्य पाण्यात मिसळावे म्हणून त्यात सेंद्रिय द्रावक आणि इमल्सीकारक असतात. इमल्सीकारक म्हणजे साबणाच्याच जातीचे पदार्थ, ते पेशीपटल सरळ विरघळवू शकतात. त्यामुळे जास्त मात्रेच्या नळीत एकसंध नारिंगी केंद्रके अचानक वाढली, तर ते औषधाचे काम की इमल्सीकारकाचे, हे सांगता येणार नाही. शक्य असल्यास शुद्ध प्रोफेनोफॉस मागवून ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि तेवढेच डीएमएसओ घातलेली नळी सोबत ठेवा. तरीही बाटलीतील औषधाचा प्रयोग सोडू नये असे माझे ठाम मत आहे, कारण फवारणाऱ्याच्या पाठीवर पंपातून गळते ते बाटलीतलेच मिश्रण असते. दोन्ही करा आणि दोन्ही वेगळे लिहा.

यासोबत पूर्णपणे मारलेल्या पेशींची एक नळी हवीच. काही पेशी ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून मग रंगवा. त्यातही नारिंगी दिसले नाही तर रंग खराब आहे. पेशी फॉर्मलिन किंवा अल्कोहोलमध्ये स्थिर करून नंतर हे रंग लावू नयेत, कारण तसे केल्यावर सर्वच पेशी मृत ठरतात.

आणखी एक गोष्ट, जी परीक्षक नक्की विचारतील. प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट आहे आणि त्याची विषबाधा अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवल्याने, मज्जातंतूंच्या पातळीवर होते. लिम्फोसाइट मेल्या म्हणून माणूस दगावला असे आपल्या प्रयोगातून म्हणता येत नाही. आपण औषधाच्या आणखी एका परिणामाचा शोध घेत आहात, असे लिहिणे योग्य ठरेल.

प्रयोगशाळा सहायक, वाशीम

इथिडियम ब्रोमाइड डीएनएत बसते म्हणूनच त्याची भीती बाळगायला हवी. त्यामुळे उत्परिवर्तन होऊ शकते. नायट्राइल हातमोजे वापरा. ग्रामीण महाविद्यालयांत बेसिनचे पाणी बहुधा मागच्या शोषखड्ड्यात जाते आणि जवळच विहीर असते, त्यामुळे उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नये. सौम्य द्रावण सक्रिय कोळशातून गाळून घ्या, रंग कोळशाला चिकटतो. तो कोळसा वेगळ्या डब्यात, नाव लिहून, घातक कचऱ्यासाठी ठेवा. ब्लीचिंग पावडर टाकून रंग उडवण्याची पद्धत सुरक्षित नाही. इथिडियमऐवजी प्रोपिडियम आयोडाइड घेतले तर ते जिवंत पेशीत आणखी कमी शिरते, पण हाताळताना काळजी तीच.

विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. चार गटांत मोजणी आणि डीएमएसओची नळी, दोन्ही करणार आहे. एक व्यावहारिक शंका राहिली: आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि सूक्ष्मदर्शकाचा मर्क्युरी दिवा मोजणीच्या मध्येच विझतो. वीज आल्यावर तो लगेच लावावा का?

पेशीविज्ञान शिक्षक, अमरावती

लगेच लावू नये. तापलेला मर्क्युरी दिवा पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा पेटवल्यास त्याचे आयुष्य घटते आणि तो फुटण्याचाही धोका असतो. किमान अर्धा तास जाऊ द्यावा. तेवढ्या वेळात काचपट्टीवरील पेशी कामाच्या राहत नाहीत, म्हणून ती टाकून द्या, पण नळीतील पेशी बर्फावर ठेवा आणि किती वेळ ठेवल्या ते वहीत नोंदवा. मोजणी सुरू करताना नियंत्रण-नळी आधी, मग मात्रेच्या नळ्या, असा क्रम न ठेवता त्या अदलाबदल करून घ्या, म्हणजे उशिरामुळे मेलेल्या पेशी एकाच मात्रेच्या खात्यावर जमा होणार नाहीत.