मदत हवी आहे: .२२ रायफलचे ग्रुप फिसकटतायत, स्कोप बदलू की अजून काही?

राम राम मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, आता बारा वर्षं ह्यूस्टनजवळ, ग्रीन कार्ड हातात आल्यावर पहिल्यांदा रायफल घेतली. खूळ डोक्यात शिरलं ते २०२४ ला, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमधे ब्रॉन्झ आणलं तेव्हा. त्याच्यापुढे आमचं म्हणजे गोट्या खेळणं, पण गोळी तीच, .२२ लाँग रायफल, म्हणून धीर केला.

रायफल रुगर १०/२२, साधी कार्बाइन, साडेअठरा इंची बॅरल, लाकडी दस्ता, दहा गोळ्यांचं ते आतून गोल फिरणारं मॅगझिन. सेमी ऑटो असल्यामुळे दर गोळीला बोल्ट ओढत बसायला नको हा फायदा, आणि तोटा पण तोच, दहा कधी संपल्या कळत नाही आणि कागदाकडे नंतर बघायचं. वर ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला ३-९ चा स्कोप, गोळ्या बल्क डब्यातल्या.

तर ५० यार्डांवर, बेंचवर बसून, खाली सँडबॅग ठेवून पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) येतो अडीच इंच. म्हणजे तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकाव्यात अशा आणि दोन कुठंतरी गावाबाहेर. स्कोपवर लिहिलंय एक क्लिक पाव इंच, म्हणून एक इंच सरकवायला चार क्लिक दिले तर अर्धाच इंच सरकल्यासारखं वाटलं, मग परत चार, मग उलटे दोन, असं करत शंभर गोळ्या संपवल्या आणि जिथं होतो तिथंच. बायको म्हणाली नाचता येईना अंगण वाकडं. बोलायला तोंडच नव्हतं, कारण शेजारच्या बेंचवरच्या काकांच्या हातात रायफल दिली तर त्यांनी स्वतःच्या गोळ्या घालून, माझ्याच स्कोपमधून, पाचही इंचात बसवल्या. त्यांच्या डब्यावर बघितलं, ४० ग्रेन (गोळीचं वजन), स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे कमी वेगाच्या.

दोन महिन्यांनी ॲपलसीडच्या शूटिंग क्लिनिकला जायचंय, तिथं सगळं २५ यार्डांवर, उभं, बसून, पालथं, आणि २५० पैकी २१० आले तर रायफलमनचा पॅच. हातात दीडशे डॉलर आहेत. नवीन स्कोप घेऊ, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसतो ते) घेऊ, की नुसतं पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायचं, बिनभिंगाचं) लावू? कुसळे पण भिंगाशिवायच मारतो, ५० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं. रेड डॉट मित्राचा बघितला तर ठिपका कुंकू फिसकटल्यासारखा दिसतो, तो खराब असतो का असा?

खडूसकाका: कसलाही स्कोप घेऊ नका आधी. रायफल मारते हे काकांनी दाखवलं, स्कोप झिरो धरतोय, म्हणजे लावलेला नेम हलत नाहीये, हे पण. पाव इंच क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर हो, ५० वर त्याचा अर्धा, म्हणजे इंचाला आठ क्लिक, आणि २५ वर सोळा. गणितात मार खाल्लात. तरी अडीच इंचाच्या ग्रुपवर क्लिक मोजणं म्हणजे वाऱ्यावरची वरात, आधी ग्रुप आणा. सँडबॅगवर रायफल अशी ठेवा की हात न लावता स्कोपमधला क्रॉस टार्गेटवर राहील, मग फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवा. क्रॉस टार्गेटवरून सरकला तर पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम हलल्यासारखा दिसतो. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुतेक १०० यार्डांना लावलेले असतात, रिमफायरचे, म्हणजे आपल्या .२२ सारख्यांचे, ५० ला. आणि त्या दस्त्याची पाठ साध्या साइटच्या हिशोबाने खाली आहे, स्कोप लावला की गाल हवेत राहतो, दर गोळीला डोळा वेगळ्या जागी. त्या गावाबाहेरच्या दोन गोळ्या तिथूनच जातात. जुन्या योगा मॅटचा तुकडा दस्त्यावर टेपने बांधा, फुकटात काम. उरलेल्या पैशात चार प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकी एक डबा. बल्कच्या बऱ्याच गोळ्या सेकंदाला बाराशे फुटांच्या वर निघतात, वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डगमगतात, स्टँडर्डच्या साधारण १०७० ने, त्या मुळातच खाली. ब्रँड बदललात की पहिल्या दहा-पंधरा मोजू नका.

निळी_छत्री: रेड डॉट खराब नाही, तुमच्या डोळ्यात ॲस्टिग्मॅटिझम (बुबुळाच्या वेड्यावाकड्या गोलाईचा चष्म्याचा नंबर) असेल. मोबाइलने त्यातून फोटो काढा, फोटोत ठिपका गोल आला तर चष्म्याच्या डॉक्टरकडे जा. पीप साइट मस्त असतं आणि त्या डोळ्यांना त्रास पण कमी, पण कुसळेचं पीप आणि आपलं पीप एकच समजू नका :) आणि बेसचे स्क्रू बघा, रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, जोर लावून आवळू नका, आटे जातील.

धागाकर्ता: दोघांचे आभार. बेसचा मागचा स्क्रू खरंच ढिला निघाला, मीच नीट आवळला नव्हता. डोकं हलवल्यावर क्रॉस चांगला अर्धा इंच फिरतोय. योगा मॅट बांधली (बायकोची, अजून तिला माहीत नाही), चारपैकी दोन डबे ठीक, एक बेकार, आणि एकाने पाच पाचचे चार ग्रुप सगळे सव्वा इंचाच्या आत. रेड डॉटचा फोटो काढला, ठिपका एकदम गोल. चष्म्याचा नंबर काढून घेतो. आता पुढचं, स्लिंग दंडाला गुंडाळून पालथं पडलं की क्रॉस दर ठोक्याला नाडीबरोबर उडतो, पट्टा दंडावर नक्की किती वर घ्यायचा असतो?