मदत हवी आहे: जुन्या ओट्याच्या ग्रॅनाइटचं कामाचं टेबल होईल का?

फोंड्याच्या घरातला ओटा बदलला. जुना काळा ग्रॅनाइट गॅरेजमध्ये उभा टेकवून ठेवलाय. ६ बाय २ फूट, जाडी १८ मिमी, सिंकचा भाग वजा जाता ४०-४५ किलो तरी असेल. फेकवत नाही हो!

त्यावर स्कूटरची किरकोळ कामं करायचीत. वेल्डर लोखंडी अँगलची फ्रेम सुचवतो, पण आमच्या पावसात ती गंजणार. बाबा म्हणतात, चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) दोन खांब बांध. मग मधल्या भागाला आधार कसला? खाली मरीन प्लाय पुरेल?

खरी भीती सिंकपाशी आहे. तिथली पुढची पट्टी जेमतेम ३ इंच, कोपऱ्यात केसासारखी चीर. तेवढा तुकडा कापून टाकू का? आणि व्हाइस (काम करताना वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) ग्रॅनाइटला भोक पाडून बसवावा की वेगळ्या लाकडी ठोकळ्यावर? हातोडीचे घाव बसणारच. कुणी केलंय का असं?