मदत हवी आहे : राजमांत्रिक एवढा बलवान, मग गादी राजाकडेच का?

सत्तासंघर्षाची अद्भुतरम्य (फँटसी) कादंबरी लिहितोय. तीन घराणी, एक गादी आणि अख्खी फौज जाळू शकणारा राजमांत्रिक. तो मनात आणेल तर स्वतःच राजा होईल, मग संघर्षच उरत नाही.

दर मंत्रामागे त्याचं आयुष्य घटवून पाहिलं. पण मग तो कैद्यांचं आयुष्य का वापरत नाही, याला उत्तर नाही. मंत्राचं साहित्य दुर्मिळ केलं, तर सगळी कथा खाणीच्या मालकीकडे सरकली.

सगळ्यात पटतो तो महाभारतातल्या कर्णाच्या वासवी शक्तीचा (इंद्राने दिलेल्या अस्त्राचा) नियम : वापर एकदाच. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच कौरवसेना चिरडतो, सगळे कर्णाला गळ घालतात आणि अर्जुनासाठी राखलेली शक्ती तिथेच खर्ची पडते. हातात असूनही भलतीकडे खर्चावी लागणारी ताकद, हेच मला हवंय! पण माझ्याकडे ती मध्यावरच संपते आणि अर्धी कादंबरी बाकी राहते.

शाप, भविष्यवाणी, देवाचा हस्तक्षेप नको. मांत्रिक जिवंतच हवा. शक्ती संपल्यावरही दरबारात त्याचा धाक टिकवायचा, तर ती संपल्याचं आधी कोणाला कळू द्यावं : राजाला, शत्रूला की फक्त वाचकाला?