चव, स्वाद आणि रुची: कोणता शब्द कुठे?

विचारणा (दादर)

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळासाठी आठवीच्या मुलांना वाचता येईल असा एक मजकूर मी मराठीत तयार करते आहे. जिभेला जे कळते, नाकाला जे कळते आणि दोन्ही मिळून तोंडात जे जाणवते, या तिन्हींसाठी मला वेगवेगळे शब्द हवे आहेत. चव, स्वाद, रुची आणि रस हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, त्यामुळे पंचाईत होते. शिवाय तिखटाला चव म्हणावे की नाही, यावर आमच्या शिक्षकांत दोन तट पडले आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (गिरगाव)

ताई, या बाबतीत पाककृतींची भाषा बरीच काटेकोर आहे. तिच्यात ‘चवीपुरते मीठ’ असते आणि ‘स्वादासाठी वेलदोड्याची पूड’ असते; ‘चवीपुरते जायफळ’ सहसा कुणी लिहीत नाही. हा भेद शास्त्राला धरून आहे. मीठ, साखर आणि चिंच यांचे मुख्य काम जिभेवर होते, तर वेलदोडा, जायफळ आणि केशर यांचे बहुतेक काम नाकात होते, कारण घास चावताना सुटणारी उडून जाणारी द्रव्ये घशाच्या मागच्या बाजूने नाकाच्या पोकळीत चढतात आणि तेथील गंधपेशींना जाऊन भिडतात. नाक चिमटीत धरून श्रीखंड खाऊन पाहावे: गोड आणि आंबट तेवढे कळते, आणि बोटे सोडल्याबरोबर वेलदोडा हजर होतो. मुलांना हा प्रयोग वर्गातच करता येईल. जिभेला ओळखता येणाऱ्या मूळ चवी पाचच मानल्या जातात, उलट गंध टिपणारी ग्राहके (पेशींवरचे संवेदना टिपणारे रेणू) माणसात सुमारे ४०० प्रकारची आहेत. ती ज्या जनुकांपासून घडतात, त्यांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून जिभेपुरत्या जाणिवेला ‘चव’, नाकाच्या जाणिवेला ‘गंध’ आणि दोन्ही मिळून होणाऱ्या जाणिवेला ‘स्वाद’ असे म्हणावे, असे माझे मत आहे. सर्दीत आपण ‘तोंडाला चव नाही’ म्हणतो, तेव्हा या हिशेबाने स्वाद हरवलेला असतो. मजकुरात हे एका वाक्यात सांगून टाकावे, कारण बोलण्यातला तो प्रयोग बदलणार नाही आणि बदलण्याचे कारणही नाही.

आता तिखटाविषयी. आयुर्वेदातल्या षड्रसांत मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस येतात. येथे मराठी वाचकाचा हमखास घोटाळा होतो, कारण संस्कृतातला कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांना मिळून ‘त्रिकटु’ म्हणतात, हा त्याचा सोपा पुरावा आहे. आजचे शरीरविज्ञान मात्र तिखटाला चवींत धरत नाही. मिरचीतले कॅप्सायसिन ज्या ग्राहकाला चेतवते, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही चेततो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मराठीने हा भेद क्रियापदात ठेवलेला आहे. साखर गोड ‘लागते’, मिरची ‘झोंबते’; जखमेवर मीठ झोंबते आणि थंड वाराही झोंबतो. अर्थात आपण ‘भाजी तिखट लागते’ असेही म्हणतोच, त्यामुळे क्रियापदावर सगळा भार टाकता येणार नाही.

पुरवणी (लालबाग)

वरील उत्तर पटले. तुरटाचा उल्लेख मात्र राहिला. कच्च्या केळ्यातली किंवा सुपारीतली टॅनिन द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंड कोरडे, खरखरीत होते, म्हणून अनेक अभ्यासक तुरटालाही स्पर्शाच्या बाजूला ठेवतात. आम्हां मालवणी माणसांना याहून जवळचे उदाहरण बांगड्याच्या कालवणातल्या तिरफळाचे आहे. तिरफळाने जिभेला जी चुणचुण येते, तिला चव म्हणण्यास आमची आजीसुद्धा तयार झाली नसती.

वासाच्या शब्दांची यादीही मजकुरात असावी. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट आणि आंबूस यांतला प्रत्येक शब्द विशिष्ट वस्तूला किंवा क्रियेला बांधलेला आहे. खवट म्हणजे तेल किंवा खोबरे हवेतल्या प्राणवायूने बिघडल्याचा वास. तो शब्द नासलेल्या दुधाला चालत नाही. मासळीचा ‘हिवस’ वास तर पाठ्यपुस्तकात जाण्याच्या योग्यतेचा आहे. समुद्री माशांच्या अंगात असलेल्या एका द्रव्यापासून, मासा मेल्यावर, जिवाणू ट्रायमिथिलअमाईन तयार करतात आणि तेच आपल्या नाकाला जाणवते. मासळीला कोकमाचे आगळ चोळले की आम्लामुळे त्याचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. चाळीत सुके बोंबील भाजले की एका दाराला ‘घमघमाट’ आणि शेजारच्या दाराला ‘घाण’ हे दोन शब्द एकाच वेळी सुचतात, एवढे मात्र रसायनशास्त्राने सुटत नाही.

प्रत्युत्तर (गिरगाव)

ते सोडवायलाच ‘रुची’ हा शब्द राखून ठेवावा. रुचणे म्हणजे आवडणे; अरुची, अभिरुची आणि रुचिपालट हे सगळे शब्द पसंतीविषयी बोलतात. नवजात बाळ गोडाला खुलते आणि कडूला तोंड वाकडे करते, एवढी आवड जन्मजात दिसते. पुढची बरीचशी घडते. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या मातांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी गाजराच्या स्वादाची पेज इतर बाळांपेक्षा कमी नाके मुरडत खाल्ली. सुकटीच्या घरातले मूल उष्टावणाच्या आधीच सुकटीला ओळखत असावे, असे यावरून म्हणावेसे वाटते.

आवडीच्या उलट बाजूचेही शब्द वेगळे ठेवावेत. एकच पक्वान्न खाता खाता नकोसे होते त्याला ‘वीट येणे’ म्हणतात, आणि दुसरा पदार्थ समोर आला की भूक परतते. एखादा पदार्थ खाऊन उलटी झाली आणि पुढे वर्षानुवर्षे तो नको वाटला, तर त्यावरून ‘मन उडाले’ असे म्हणतात. जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांना गोड पाणी आणि किरणोत्सर्ग एकत्र देऊन हाच दुसरा प्रकार दाखवला होता. उंदीर नंतर ते गोड पाणी टाळू लागले.

विचारणा करणारीकडून (दादर)

दोघांचेही आभार. चव, गंध, स्वाद आणि रुची अशी वाटणी मी स्वीकारते आहे, आणि ‘झोंबणे’ला वेगळी चौकट देते आहे. गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्यानंतरच्या पाचव्या चवीला, म्हणजे किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळी काढलेल्या चवीला, ‘उमामी’ हेच नाव ठेवावे असे वाटते. ‘रुचकर’ हा पर्याय सुचवला गेला होता, परंतु रुची पसंतीसाठी राखली असल्यामुळे तो आता बसत नाही. टोमॅटोचे सार आणि सुकटीचे कालवण ही उदाहरणे देते. शाकाहारी घरांतल्या मुलांना पहिले पुरेल.