मदत हवी आहे : लिनॉसचे गीत विलापाचे की सुगीचे?

नमस्कार. ग्रीक पुराणकथांतील शोकगीतांवर लेख लिहिताना मी एका जागी अडकले आहे. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या १८व्या सर्गात, ग्रीक योद्धा अकिलीसच्या ढालीवरील द्राक्षतोडणीच्या चित्रात, एक मुलगा तंतुवाद्य छेडत कोवळ्या आवाजात लिनॉसचे गीत गातो आणि विणलेल्या टोपल्यांतून घोस वाहणारी पोरे त्या ठेक्यावर पावले टाकत नाचतात. हा लिनॉस म्हणजे एका कथेनुसार महाबली वीर हेराक्लीसने रागाच्या भरात वाद्यानेच ठार केलेला त्याचा संगीतगुरू, तर दुसरीनुसार आपली बरोबरी केली म्हणून संगीताचा देव अपोलोने मारलेला गायक. मग मृत गायकाचा विलाप ऐन सुगीत कसा शिरला? प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला हेच गीत इजिप्तमध्ये ‘मानेरोस’ नावाने आढळले, त्यामुळे पिकाच्या कापणीशी या शोकाचे मुळातच नाते असावे, असे मला वाटते. जाणकारांचे मत हवे आहे.

दुसरी अडचण शब्दांची आहे. ‘इलियड’च्याच २४व्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या शवापाशी गायक ‘थ्रेनोस’ सुरू करतात आणि त्यानंतर त्याची पत्नी अँड्रोमाकी, आई हेक्युबा व भावजय हेलन आपापला ‘गोओस’ करतात. पहिल्याला ‘शोकगीत’ चालेल. पण घरच्या बाईच्या तोंडून उमटणाऱ्या दुसऱ्या प्रकाराला ‘विलाप’ फार पुस्तकी आणि ‘रडगाणे’ तर हास्यास्पद वाटते. नेमका शब्द कोणता वापरावा?