आरसी (रेडिओने चालवायच्या मॉडेल विमानांच्या) क्लबच्या मैदानावर इतके नियम खरंच लागतात का? मुलगा हिरमुसून परत आला

नाशिकचा_फोम_ट्रेनर:

नमस्कार मंडळी. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, विमानांचं प्रचंड वेड, म्हणून दिवाळीत हाय विंगचा (पंख वरच्या बाजूला असलेला) फोम ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान घेतला, सव्वा मीटरचे पंख, थ्री सेल २२०० एमएएचची लिपो बॅटरी, सगळं धरून किलोभर भरतं. दोघांनी मिळून जुळवलं आणि तो दोन महिने रोज अर्धा तास सिम्युलेटरवर बसला. गेल्या रविवारी सिन्नरच्या बाजूला एक क्लब उडवतो तिथे घेऊन गेलो, सकाळी साडेसहाला घर सोडलं आणि अकराला एकही फ्लाइट न करता परत.

आधी त्यांनी विमान हातात घेऊन पंधरा मिनिटं तपासलं. म्हणाले फेलसेफ (सिग्नल गेला की मोटर आपोआप बंद करणारी सोय) लावलेला नाही, रेडिओ (हातातला रिमोट) बंद केला तरी मोटर फिरतेय. मग म्हणाले बॅटरी थोडी फुगलीये, ही चालणार नाही. मग म्हणाले सगळं ठीक असतं तरी पहिली काही फ्लाइट ट्रेनर कॉर्ड (शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा रेडिओ जोडणारी वायर) लावून इन्स्ट्रक्टरबरोबरच, चाचणी पास झाल्याशिवाय एकट्याने नाही. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण दुसऱ्या कुणाचं तरी विमान स्ट्रिपच्या (धावपट्टीच्या) टोकाला पालथं पडलं होतं, पोरगा मदत म्हणून उचलून आणायला धावला, तर एक ज्येष्ठ सदस्य त्याच्यावर सगळ्यांसमोर केवढ्याने ओरडले. गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही तो.

मला नियम नकोत असं अजिबात नाही. पण किलोभर फोम आहे हो, त्याला एवढं? आमच्या गावाकडे मोठं माळरान आहे, चिटपाखरू नसतं, तिथे आम्ही दोघंच उडवलं तर काय हरकत आहे? अनुभवी लोकांनी मोकळेपणी सांगा.

बाल्सा_आणि_डोप:

दादा, आधी मुलाबद्दल बोलतो. ओरडणं त्या क्षणी बरोबरच होतं, पण नंतर कुणीतरी त्याला शेजारी बसवून का ओरडलो ते सांगायला हवं होतं, ते राहिलं आणि ती मोठ्या माणसांची चूक. तुम्ही त्याला सांगा. स्ट्रिपवर पाय ठेवायच्या आधी मोठ्याने "मैदानात जातोय" म्हणायचं आणि जितके पायलट उभे आहेत तितक्यांनी "हो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. कारण विमान उडवणाऱ्याची नजर आकाशात असते, स्ट्रिपवर नसते. लँडिंगला येणारं विमान त्याला दिसतं, त्याच्या वाटेत मधेच घुसलेलं पोर दिसत नाही.

आता किलोभर फोम. एक किलोचं विमान ताशी ५० किलोमीटरने येऊन आदळलं तर तो दणका जवळजवळ १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून किलोभर वजन अंगावर पडल्यासारखा असतो. फोम मऊ असतो खरा पण सगळ्यात पुढे नाकात काय असतं, लोखंडी मोटर, तिचा दांडा आणि त्याच्या मागे पावशेराला थोडीच कमी अशी लिपोची वीट. डोक्याला लागतं ते हे.

मी जवळपास बावीस वर्षं उडवतोय आणि एक गोष्ट सांगतो जी मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी एक लो विंग बनवलं होतं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, ग्लो इंजिन (इंधनावर चालणारं छोटं इंजिन), अडीच किलो, चार महिने रात्री जागून. तिसऱ्याच फ्लाइटला मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असताना एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) सर्वो (ती हलवणारी छोटी मोटर) अडकला, विमान एका अंगावर कललं आणि सरळ होईना. रडर (शेपटीवरचं डावं-उजवं) चालत होता, एलेव्हेटर (वर-खाली) चालत होता. समोर खाली ज्वारीचं कापलेलं रान होतं, रिकामं. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) बंद करून तिथे पाडलं असतं तर गोष्ट संपली होती. पण चार महिने डोळ्यांसमोर आले आणि मी रडरवर ओढत ओढत ते वळवून स्ट्रिपकडे आणायला गेलो. वळण पुरलं नाही, विमान आमच्या डोक्यावरून मागे पिटमधे, म्हणजे माणसं आणि सामान असतं तिथे गेलं आणि उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या सीटवर आपटलं. इंजिन रेक्झिन आणि फोम फाडून खालच्या पत्र्यापर्यंत गेलं होतं. त्या सीटवर दोनच मिनिटांपूर्वी एका सदस्याचा आठ वर्षांचा मुलगा बसलेला होता, तो पाणी प्यायला उठला होता. मी ती सीट हाताने चाचपून पाहिली, पत्रा आत दबला होता. त्यानंतर तीन महिने रेडिओला हात लावला नाही.

म्हणून आमच्याकडे टेकऑफच्या आधी प्रत्येकाला विचारतात, बिघडलं तर कुठे पाडणार? उत्तर तयार नसेल तर उडवायचं नाही. फ्लाइट लाइन म्हणजे जी चुन्याची रेघ मारलेली असते, तिच्या अलीकडे माणसं आणि पलीकडे विमानं, विमान कुठल्याही कारणाने रेघेच्या अलीकडे येणार असं वाटलं की थ्रॉटल बंद आणि पलीकडेच जमिनीत घालायचं, मग ते दहा हजाराचं असो की लाखाचं. तपासणी, फेलसेफ, ट्रेनर कॉर्ड हे सगळं त्या रेघेसाठीच आहे. सिम्युलेटरवर दोन महिने केले हे फार छान, त्याचा उपयोग होणारच. पण विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि वर उन्हाची तिरीप डोळ्यात असते, त्या वेळी शेजारच्या माणसाने स्विच सोडून कंट्रोल आपल्याकडे घेतला तर विमानही वाचतं आणि पोराचा धीरही.

सर्वो_कोल्हापूर:

वरचं वाचून अंगावर काटा आला. मी फेलसेफ आणि प्रॉपबद्दल (विमानाच्या पुढचा पंखा) सांगते कारण ते माझ्या बोटावर लिहिलेलं आहे.

घरी टेबलावर एलेरॉनची दिशा बघत होते, प्रॉप काढला नव्हता, पाच मिनिटांचं तर काम म्हणून. बॅटरी जोडलेली आणि विमान पुढे ओढून घेताना ओढणीचं टोक थ्रॉटलच्या स्टिकला अडकलं. आवाज आला एवढंच कळलं. उजव्या हाताच्या तर्जनीला सात टाके, आणि आज चार वर्षांनंतरही थंडीत त्या बोटाचं टोक बधीर असतं, सुईत दोरा ओवता येत नाही. १० इंची प्रॉप ९००० आरपीएमने फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटरच्या आसपास जातो, हिशोब करून बघा. ग्लो इंजिन निदान काही अडकलं तर बंद तरी पडतं, इलेक्ट्रिक मोटर अडकली की अजून जोर लावते.

त्यामुळे आमच्या घरात आता असं आहे की घराच्या आत प्रॉप लावलेलं विमान आणि जोडलेली बॅटरी एकत्र कधीच नाही. मैदानावर आधी रेडिओ चालू, थ्रॉटल खाली आहे हे डोळ्यांनी बघायचं, थ्रॉटल कट (मोटर फिरूच न देणारा स्विच) मारायचा आणि मगच बॅटरी, विमान कुणीतरी मागून धरलेलं, आणि प्रॉपच्या समोर किंवा रेषेत कुणी नाही. उतरल्यावर उलटं, आधी बॅटरी काढायची मग रेडिओ बंद. मुलाला हे पाठच करून घ्या.

तुमचं फेलसेफचं. काही स्वस्त रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटची पोझिशन धरून बसतात, म्हणजे तुम्ही पाऊण थ्रॉटलवर असाल तर विमान पाऊण थ्रॉटलवर बॅटरी संपेपर्यंत कुठेही जात राहणार, हायवेवर, वस्तीवर, कुठेही. तपासायचं सोपं आहे. प्रॉप काढा, थ्रॉटल थोडा वर करून मोटर फिरू द्या आणि रेडिओ बंद करा, एक-दोन सेकंदात मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर तुमच्या रेडिओच्या मेनूत जाऊन थ्रॉटल शून्यावर सेट करा आणि परत तपासा. क्लबने तुम्हाला अडवलं ते फार बरं केलं.

आणि फुगलेली लिपो म्हणजे आत गॅस झालाय. ती विसरा आता, चार्जरला लावू नका. नवी घ्याल तेव्हा बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा), २२०० ला २.२ अँपिअर, सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाही, आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवायची. चार्ज करताना फरशीवर ठेवा, सोफ्यावर नाही, शेजारी कोरड्या वाळूची बादली, आणि झोपायला जाताना कधीच चार्जला लावून जायचं नाही.

डॅलसकर:

मी मूळचा साताऱ्याचा, इथे अमेरिकेत नऊ वर्षं एका क्लबमधे उडवतोय. इथली मॉडेल विमानवाल्यांची संघटना एएमए, १९३६ पासूनची, इंडियानातल्या मन्सी गावात मुख्यालय, तिचा सेफ्टी कोड वाचलात तर नाशिकच्या क्लबने सांगितलेलंच सगळं दिसेल. वर सरकारची ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन परीक्षा प्रत्येकाला द्यावी लागते, ज्याला छंद म्हणून उडवायचंय त्या सगळ्यांना, आणि २५० ग्रॅमच्या वर विमान असेल तर नोंदणी करून नंबर विमानावर बाहेरून दिसेल असा लावायचा. म्हणजे तुम्हालाच कुणी छळतंय असं नाही.

माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जाणारा नियम म्हणजे स्पॉटर, शेजारी उभं राहून आकाशावर नजर ठेवणारा माणूस. गेल्या उन्हाळ्यात मी चारशे फुटांच्या आत मजेत लूप मारत होतो, शेजारी माझी बायको स्पॉटर म्हणून उभी, ती एकदम म्हणाली "मागून खरं विमान, खाली ये". मी मान वळवली नाही, नुसता थ्रॉटल कमी करून झाडांच्या उंचीला आलो, आणि शेतात फवारणी करणारं विमान आमच्या बाजूने गेलं. मला तो आवाज माझ्याच विमानाचा वाटत होता. माणूस बसलेल्या विमानाला वाट द्यायचीच, तिथे चर्चा नाही. तुमच्या मुलाला पहिले काही रविवार स्पॉटरचं काम द्या, आकाश कसं वाचायचं ते त्यातून जेवढं कळतं तेवढं स्टिक धरून कळत नाही. घारी कुठून येतात, वारा कधी फिरतो, सगळं.

आणि एवढंसं मॉडेल काय करणार असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, २०१३ साली ब्रुकलिनमधे आरसी हेलिकॉप्टरची पाती लागून ते उडवणारा तरुण स्वतःच गेला होता. त्याला उडवायचा चांगला अनुभव होता.

नकाशा_बघा_आधी:

माळरानाच्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलं नाही म्हणून थोडक्यात. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम २०२१ लागू आहेत आणि मॉडेल विमानंही त्यातच येतात. २५ किलोपर्यंतचं, फक्त छंद, शिक्षण, संशोधन, चाचणी अशा कामासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं असेल तर ते मॉडेल धरतात, त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या सरकारी मान्यतेचा दाखला) लागत नाही, पण झोन (नकाशावर रंगांनी दाखवलेले भाग) सगळ्यांनाच लागू. ग्रीन झोनमधे ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट. तुमचं नाशिक तर अवघडच, एकीकडे ओझरचा विमानतळ, एकीकडे गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, पलीकडे देवळालीचा तोफखाना. डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा उघडून तुमचं गाव कुठल्या रंगात येतं ते बघितल्याशिवाय बॅटरी जोडू नका. क्लबने मैदान निवडताना हे बघितलेलं असतं, माळरानावर ते तुम्हालाच बघावं लागेल.

बाल्सा_आणि_डोप:

बरोबर. आणि दादा, चिटपाखरू नसलेलं माळरान विमान वर जाईपर्यंतच तसं असतं. आवाज ऐकला की दहा मिनिटांत वाडीवरची पोरं येतात, मेंढरांमागचा माणूस येतो, आणि सगळे नेमके विमानाच्या खाली उभे राहून वर बघतात. तिथे रेघ मारायला कुणी नसतं आणि तुमचे डोळे विमानावर. तुम्ही दोघंच असाल तर एकाने फक्त माणसांकडे बघायचं, पण मग मुलाला शिकवणार कोण?

नाशिकचा_फोम_ट्रेनर:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मोटरसायकलच्या सीटची गोष्ट मुलाला वाचून दाखवली, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला बाबा ते काका माझ्यावर रागावले नव्हते, घाबरले होते. मला हे सुचलंच नव्हतं.

कालचा रविवार सांगतो. फेलसेफ त्यानेच प्रॉप काढून सेट केला आणि क्लबच्या लोकांसमोर तपासून दाखवला, मोटर दीड सेकंदात थांबली. आमची नवी बॅटरी अजून आली नाही म्हणून क्लबच्या ट्रेनरवर कॉर्ड लावून त्याला दोन फ्लाइट दिल्या, दुसऱ्यात जवळजवळ चार मिनिटं सलग त्याच्याकडे कंट्रोल होता. आधीचा तासभर मात्र तो स्पॉटर होता, त्याने दोनदा घार सांगितली आणि एकदा रस्त्याकडून स्ट्रिपकडे येणारी म्हैस. मधे एकाचं विमान डेडस्टिक होऊन (हवेतच मोटर बंद पडून) गवतात उतरलं. हा रेघेपाशी उभा राहून ओरडला "मैदानात जातोय", तीन पायलट उभे होते, दोघांचं हो आलं, तिसऱ्याचं आलं नाही, तर हा तसाच थांबला, ते लँडिंगला येत होते. उतरून झाल्यावर त्यांनी हो म्हटलं, मग गेला. हो म्हणणारे ते तिसरे म्हणजे मागच्या वेळी ओरडलेलेच काका.

माळरानाचं डोक्यातून काढलंय, नकाशा बघितला, ते यलो झोनमधे, म्हणजे परवानगी घेऊनच उडवायच्या भागात येतं. आता एवढंच सांगा, एकट्याने उडवायच्या चाचणीत साधारण काय काय बघतात? त्याने वहीत पान काढून ठेवलंय.

सर्वो_कोल्हापूर:

आमच्याकडे टेकऑफ, दोन्ही बाजूंनी आठचा आकडा, मोटर बंद करून रेघेच्या पलीकडे सुरक्षित उतरवणं, आणि उडवायच्या आधीची तपासणी तोंडाने बोलून दाखवणं. एलेरॉनमधे मुलं हमखास चुकतात. मागे उभं राहून स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. वहीत पहिलं हेच लिहायला सांगा.